को-ऑप सिटीतलं घर इतकं स्वस्त का, आणि ते नेमकं कुणाचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. न्यूयॉर्कला येऊन तुम्हाला सहा वर्षं झाली. पत्नी शहराच्या ब्रॉंक्स भागातल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ब्रॉंक्समधल्याच को-ऑप सिटी या मोठ्या सहकारी वसाहतीच्या वेटिंग लिस्टवर नाव घातलं होतं, आणि आता दोन बेडरूमच्या घरासाठी पत्र आलंय. सुरुवातीला भरायची रक्कम या शहराच्या मानाने इतकी कमी आहे की आनंदाआधी संशयच आला. ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘अरे, ती सरकारी वसाहत आहे.’ दुसरा म्हणाला, ‘घेऊन टाक, पाच वर्षांनी विक आणि मोकळा हो.’ आणि तुम्ही विचारताय की हे घर मालकीचं की भाड्याचं, इतकं स्वस्त कशामुळे, आणि या जागेचा पूर्वेतिहास काय.

मी मुंबईत सात वर्षं सोसायट्यांचं ऑडिट केलं आणि गेली बावीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये सहकारी गृहसंस्थांचे हिशेब तपासतोय. त्यामुळे माझं उत्तर वहीखात्याच्या बाजूने येणार. पण या वसाहतीचा इतिहास बराचसा वहीखात्यातच घडलाय, म्हणून ती बाजू इथे उपयोगी पडेल.

तुम्हाला भेटलेले दोघेही चुकताहेत. घर एक तर सरकारचं असतं नाही तर आपलं, असं दोघांनीही धरून चाललंय. को-ऑप सिटी या दोन्हींत बसत नाही. घर संस्थेचं आहे, संस्था सभासदांची आहे, आणि सरकारने स्वस्त कर्ज व करसवलत देऊन त्या बदल्यात एक अट घातली आहे: इथल्या घरावर कुणी नफा कमवायचा नाही. बिल्डरने नाही आणि तुम्हीसुद्धा नाही. स्वस्ताईचं मूळ एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचे परिणाम.

हा प्रकार आपल्याला अगदी अनोळखी नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांचे जे उपप्रकार आहेत, त्यांत ‘भाडेकरू मालकी’ आणि ‘भाडेकरू सहभागीदारी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्या प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची असतात. सभासदाकडे शेअर असतात आणि राहण्याचा हक्क असतो. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सहकार चळवळीतल्या तळमकींच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींची जी संस्था उभी राहिली, ती याच विचाराची. पुढे मुंबईत जागेचे भाव चढले आणि शेअर सर्टिफिकेट म्हणजे बाजारभावाने फ्लॅट विकण्याचा परवाना, असाच अर्थ रूढ झाला. पन्नास-पन्नास रुपयांच्या त्या शेअरांच्या मागे आज कोटीची घरं आहेत. को-ऑप सिटीत सर्टिफिकेट तेच, पण किंमत जवळपास जिथल्या तिथे बांधून ठेवलेली. पागडीशीही गल्लत करू नका. पागडीत देवघेवीची रक्कम बाजाराबरोबर वाढते, इथे तसं नाही.

आता इतिहास. तो को-ऑप सिटीच्या चाळीस वर्षं आधी सुरू होतो.

एब्राहम कझान हा युक्रेनमधून आलेला ज्यू तरुण न्यूयॉर्कच्या तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनमध्ये काम करायचा. शिवणकाम करणाऱ्यांना अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून बाहेर काढायचं तर घरमालक नावाचा माणूसच हिशेबातून वजा करायला हवा, हे त्याचं आयुष्यभराचं म्हणणं. १९२६ साली न्यूयॉर्क राज्याने मर्यादित लाभांशाच्या गृहकंपन्यांना करसवलत देणारा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी ब्रॉंक्समध्ये व्हॅन कोर्टलँड पार्कजवळ ‘अमॅल्गमेटेड’ ही वसाहत उभी राहिली. खोलीमागे ५०० डॉलर भरायचे आणि दरमहा साधारण ११ डॉलर. कामगाराला ५०० डॉलर ही मोठीच रक्कम होती, म्हणून त्यासाठीही कर्जाची सोय केली गेली. मंदीच्या काळात शहरात घरं जप्त होत असताना ही संस्था टिकली. हे यश कझानच्या मनात पक्कं बसलं. पुढे तो जे जे करत गेला, ते याच नमुन्यावर, फक्त दरवेळी आधीपेक्षा मोठं.

१९५५ साली मिचेल-लामा कायदा आला. मिचेल रिपब्लिकन सिनेटर, लामा ब्रुकलिनचा डेमोक्रॅट. दोन पक्षांची दोन नावं त्या कायद्याला अजून चिकटून आहेत. तुमच्या पत्रावरही ती असतील. कायद्याचं तंत्र सोपं आहे. राज्य स्वतःची पत वापरून कमी व्याजाने रोखे काढतं आणि तो पैसा लांब मुदतीच्या कर्जाने संस्थेला देतं. मालमत्ता करात मोठी सूट मिळते. बदल्यात कुटुंबाच्या उत्पन्नाला मर्यादा, विक्रीच्या किमतीला मर्यादा आणि सरकारी देखरेख. गरिबांसाठी शहराची वेगळी घरं होती आणि श्रीमंतांना मदतीची गरज नव्हती. मध्ये अडकलेल्यांसाठी, म्हणजे शिक्षक, टपाल कर्मचारी, शिंपी, नर्स यांच्यासाठी हा कायदा होता. तुमच्या पत्नीचा पेशा त्या यादीत पहिल्यापासून आहे.

कझानने १९५१ साली युनियन आणि सहकारी संस्थांना एकत्र करून युनायटेड हाउसिंग फाउंडेशन काढलं होतं. त्या छत्राखाली मॅनहॅटनमध्ये पेन साउथ हे गृहसंकुल झालं. १९६२ साली त्याच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते. मग क्वीन्समध्ये रॉचडेल व्हिलेज, तब्बल ५,८६० घरांचं. हर्मन जेसर हा कझानचा कायमचा आर्किटेक्ट. जेसरच्या इमारती बाहेरून ओळीने उभ्या केलेल्या विटांच्या पेट्यांसारख्या दिसतात, आणि स्थापत्यतज्ज्ञांनी त्याबद्दल त्याला भरपूर झोडपलं. मी त्या इमारतींच्या आत बऱ्याचदा गेलोय. खोल्या ऐसपैस, लाकडी पार्केची जमीन, खिडक्यांना भरपूर उजेड, दारातून आत आल्यावर चपला काढायला म्हणून थांबावं एवढी मोकळी जागा. पैसा दर्शनी भागावर न घालता आत घातलाय. टीका करणारे आत राहणार नव्हते, एवढंच मी म्हणेन.

को-ऑप सिटीची जागा म्हणजे हचिन्सन नदीकाठची दलदल. १९६० साली तिथे ‘फ्रीडमलँड’ नावाचं करमणुकीचं उद्यान उघडलं, अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराचं. चार वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. ती ३०० एकरांहून मोठी जागा फाउंडेशनने घेतली. १९६६ च्या मे महिन्यात बांधकामाचा मुहूर्त झाला. गव्हर्नर रॉकफेलर आणि शहराच्या पुनर्रचनेचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस दोघे हजर होते. दलदलीत वाळूचा भराव घातला, खाली खडकापर्यंत पाइल, म्हणजे आधाराचे खांब, ठोकले, आणि त्यावर चोवीस ते तेहतीस मजली पस्तीस टॉवर आणि टाउनहाउसचे सात गट उभे केले. एकूण १५,३७२ घरं. १९६८ च्या डिसेंबरात पहिली कुटुंबं राहायला आली, आणि बांधकाम १९७३ पर्यंत चाललं. अशा प्रकारची सहकारी वसाहत एवढ्या आकाराची जगात क्वचितच असेल.

घर बघायला जाल तेव्हा रस्त्यांच्या पाट्या वाचा. वसाहतीचे पाच सेक्शन आहेत आणि प्रत्येक सेक्शनमधल्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. एका सेक्शनमध्ये समाजवादी पुढारी युजीन डेब्ज यांच्या नावाची गल्ली आहे, दुसरीकडे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ कार्व्हर, पाचव्यात आइन्स्टाइन आणि वैमानिक एअरहार्ट. वसाहत कुणी बांधली आणि त्यांना कोण मोठे वाटत होते, ते त्या पाट्यांवर लिहिलंय.

आता जरा आकड्यांत शिरतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. १९६५ च्या मे महिन्यात इच्छुकांना माहितीपत्रक वाटलं गेलं. त्यात प्रकल्पाचा अंदाजे खर्च होता सुमारे २८ कोटी ३७ लाख डॉलर. त्यातले ३ कोटी २८ लाख सभासदांच्या शेअरांतून यायचे आणि उरलेले २५ कोटी ९ लाख राज्याच्या ४० वर्षांच्या कर्जातून. शेअर २५ डॉलरचा, खोलीमागे १८ शेअर, म्हणजे खोलीला ४५० डॉलर. चार खोल्यांचं घर १,८०० डॉलर भरून मिळायचं. दरमहा खोलीमागे सरासरी २३ डॉलर २ सेंट लागतील, असा अंदाज पत्रकात छापला होता.

या गणिताकडे ऑडिटरच्या नजरेने बघा. शंभर डॉलरमागे सभासदांचे साडेअकरा, बाकी सगळं कर्ज. दारात भरायची रक्कम इतकी कमी ठेवली की टपालखात्यातल्या माणसालाही ती पेलावी, हा त्यातला चांगुलपणा. पण त्यामुळे महिन्याचा आकडा पूर्णपणे कर्जावर आणि बांधकामाच्या खर्चावर टांगला गेला. तिथे काही हललं की घरातल्या बजेटला थेट धक्का.

आणि सगळंच हललं. व्हिएतनाम युद्धाच्या काळातली महागाई, मजुरी, साहित्य, वाढते व्याजदर, नंतर तेलाचा भडका. कर्ज अंदाजापेक्षा साडेबारा कोटी डॉलरने वाढलं. जुलै १९७४ पर्यंत दरमहा आकार खोलीमागे ३९ डॉलर ६८ सेंटवर गेला. चार खोल्यांचं घर ९२ डॉलरचं म्हणून घेतलेल्या कुटुंबाला जवळजवळ १५९ डॉलर भरावे लागत होते. पगार त्या वेगाने वाढले नव्हते.

सत्तावन्न सभासद कोर्टात गेले. महागाईमुळे वाढलेला खर्च बांधकाम करणारी कंपनी सोसेल असं पत्रकात भासवलं होतं, म्हणजे आमची फसवणूक झाली, आणि शेअर विकताना फसवणूक म्हणजे रोखे कायद्याचा भंग, असा त्यांचा दावा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १६ जून १९७५ रोजी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने कोर्टाने सांगितलं की नावात ‘शेअर’ आहे म्हणून हे गुंतवणुकीचे शेअर होत नाहीत. लोकांनी ते नफ्यासाठी घेतलेले नाहीत, राहण्यासाठी घेतलेत. त्यांवर लाभांश नाही, ते गहाण ठेवता येत नाहीत, बाहेरच्याला देता येत नाहीत, आणि मतं शेअरांच्या संख्येवर नाहीत, घरटी एक आहेत. सोडून जाताना संस्थेला मूळ किमतीला परत द्यायचे. न्यायाधीशांनी ते परत मिळणाऱ्या डिपॉझिटसारखं मानलं. ‘पाच वर्षांनी विक’ म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला हा निकाल पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर देऊन बसलाय.

कोर्टात रहिवासी हरले, पण निकाल लागला तेव्हा वसाहतीत वेगळीच गोष्ट सुरू झालेली होती. दरमहा आकारात आणखी २५ टक्के वाढ जाहीर झाली आणि १ जूनपासून रहिवाशांनी पैसे देणं थांबवलं. पुढारी होता चार्ल्स रोझेन, वर्तमानपत्रात कंपोझिटरचं काम करणारा. ऐंशी टक्क्यांहून जास्त कुटुंबं सामील झाली आणि आंदोलन तेरा महिने चाललं. साराबंदीच्या गोष्टी आपण शाळेत वाचल्यात. टॉवरमध्ये राहणाऱ्यांची ही साराबंदीच म्हणा.

काही वर्षांपूर्वी वसाहतीतल्या एका आजींशी बोलणं झालं होतं. त्या शाळेत शिकवायच्या. लॉबीत पत्त्यांच्या खेळाचं घडीचं टेबल मांडलेलं असायचं, त्यामागे आळीपाळीने शेजारी बसायचे. महिन्याचा चेक संस्थेच्या नावाने लिहायचा, पण ऑफिसात न देता या टेबलावर द्यायचा. टेबलावरची व्यक्ती वहीत घर नंबरासमोर खूण करायची. चेक कुठे ठेवलेत ते मोजक्यांनाच ठाऊक. ‘आम्ही बुडवे नव्हतो,’ असं त्या दोनदा म्हणाल्या. ‘एक महिन्याचाही चेक मी चुकवला नाही, फक्त त्यांच्या हातात दिला नाही.’ बोलताना त्यांनी टेबलाच्या कडेवर बोट टेकवून ती खूण करून दाखवली. हिशेब तपासणारा म्हणून मला त्या वहीबद्दल फार आदर वाटतो. एवढ्या लोकांचं बारा महिन्यांहून जास्त काळ पैशाचं काम शेजाऱ्यांनी टेबलावर बसून सांभाळलं.

राज्याची बाजूही सांगायला हवी, नाही तर गोष्ट अर्धीच राहील. १९७५ हे न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभं असलेलं वर्ष. वसाहतीचं कर्ज राज्याच्या रोख्यांतून आलेलं, आणि या एका वसाहतीने हप्ता थांबवला तर राज्याच्या रोख्यांवरचाच विश्वास उडायची भीती. म्हणून पुढाऱ्यांना दंड, तुरुंगाची ताकीद, जप्तीची धमकी हे सगळं झालं. पण पंधरा हजार कुटुंबांना घराबाहेर काढणार कसं? शेवटी मारियो कुओमो मध्ये पडले. ते तेव्हा राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, पुढे गव्हर्नर झाले. १९७६ च्या उन्हाळ्यात तडजोड झाली. साठवलेले चेक राज्याकडे गेले आणि संस्थेचा, म्हणजे रिव्हरबे कॉर्पोरेशनचा कारभार रहिवाशांनी निवडलेल्या मंडळाकडे आला.

या आंदोलनाकडे मी जितका बघतो तितकं एक सतत डोळ्यांपुढे येतं. सहकारी संस्थेत घरमालक आणि भाडेकरू एकच असतात. रहिवाशांनी भाडं रोखलं ते फाउंडेशनच्या आणि राज्याच्या विरोधात, पण रोखलेले पैसे त्यांच्याच इमारतीच्या कर्जाचे होते. तरी ते चूक होते असं मी म्हणणार नाही. तोपर्यंत ते कागदावरचे मालक होते. मंडळावर फाउंडेशनची माणसं, निर्णय त्यांचे, बिल रहिवाशांना. सत्ता हातात आली ती तेरा महिन्यांमुळेच. पण सत्तेबरोबर कर्जही हातात आलं, आणि तेव्हापासून आजतागायत प्रत्येक मंडळाला तोच प्रश्न पडतो: यंदा आकार वाढवून निवडणूक हरायची, की न वाढवून दुरुस्ती पुढे ढकलायची?

फाउंडेशनसाठी हा शेवट ठरला. कझान १९७१ मध्ये गेला होता. ब्रुकलिनमध्ये ठरवलेली पुढची मोठी वसाहत फाउंडेशनने आधीच सोडून दिली होती आणि ती खाजगी विकासकांनी स्टॅरेट सिटी म्हणून भाड्याची वसाहत बांधून पूर्ण केली. त्यानंतर फाउंडेशनने पुन्हा काही बांधलं नाही. चाळीस वर्षं कामगारांना घरं देणारी चळवळ तिच्याच सभासदांशी भांडून थांबली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छापील अंदाजाला लोकांनी वचन समजलं. आणि ते तसंच समजतील, हे सांगणाऱ्यांना कळायला हवं होतं.

मधली वर्षं थोडक्यात. सुरुवातीचे बहुसंख्य रहिवासी पश्चिम ब्रॉंक्सच्या ग्रँड काँकोर्स भागातले ज्यू. काळी आणि पोर्तोरिकन कुटुंबंही पहिल्यापासून होती. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं कुटुंब त्यांच्या शाळेच्या दिवसांत इथेच राहायला आलं. पुढे जुनी मंडळी म्हातारी झाली, फ्लोरिडाला गेली, आणि वसाहत हळूहळू मुख्यतः कृष्णवर्णीय व लॅटिनो मध्यमवर्गाची झाली. लोक बदलले, पण वसाहत त्याच वर्गाची राहिली. आजूबाजूचं ब्रॉंक्स जळत असताना ती टिकली, कारण घरं विकून पळण्यात कुणाचा फायदा नव्हता आणि राहण्यात होता.

दुरुस्तीचा भाग मात्र दुखरा आहे. टॉवर पाइलवर असल्याने जागचे हलत नाहीत, पण भोवतीचा भराव खचतो. त्यामुळे फूटपाथ, पायऱ्या, जमिनीखालच्या लाइन यांची कामं संपतच नाहीत. बांधकामातल्या दोषांवरून राज्याशी वर्षानुवर्षं वाद झाले. २००३ साली आठपैकी पाच पार्किंग गॅरेज धोकादायक म्हणून बंद करावी लागली आणि हिरवळीवर गाड्या उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये संस्थेने ६० कोटी डॉलरहून मोठं नवं कर्ज घेऊन जुनं फेडलं आणि दुरुस्त्यांना पैसा उभा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सँडी वादळ आलं. शहराच्या मोठ्या भागात अंधार होता आणि को-ऑप सिटीत दिवे चालू होते, कारण वसाहतीचं स्वतःचं ४० मेगावॉटचं वीजघर आहे. त्या वीजघरावर खर्च करायचा निर्णय झाला तेव्हा सभांमध्ये कुरकुर झालीच असणार. वादळाच्या रात्री लिफ्ट चालू राहिल्या.

आता तुमच्याबद्दल. घ्यावं की नाही हे तीन-चार गोष्टींवर ठरेल, आणि त्या तुम्हालाच माहीत.

पहिली, किती वर्षं राहणार. दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्नियाला जायचा विचार असेल तर हा व्याप करू नका. दहा-पंधरा वर्षं राहणार असाल तर गणित तुमच्या बाजूला झुकतं. इथे फायदा विकताना मिळत नाही, दर महिन्याला मिळतो: बाहेर जे भाडं भरलं असतं आणि इथे जो आकार भरता, त्यातला फरक. तो फरक बाजूला टाकून तुम्ही दुसरीकडे गुंतवलात, तर ती तुमची खरी मालमत्ता. तो खर्चून टाकलात तर पंधरा वर्षांनी हातात मूळ रक्कमच असेल आणि घर स्वस्त होतं याची नुसती आठवण.

दुसरी, उत्पन्न. आत येताना मर्यादा आहे. नंतर दोघांचे पगार वाढून तुम्ही मर्यादा ओलांडलीत तर घर जात नाही, पण अधिभार लागतो. दरवर्षी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. ते कंटाळवाणं काम समजून टाळू नका. घरात कोण कोण राहतं ते त्याच कागदावर नोंदलं जातं, आणि पुढे वारसाहक्काचा प्रश्न आला तर तोच कागद बघतात. आई-वडील येऊन राहणार असतील, मुलं मोठी होणार असतील, तर प्रत्येकाचं नाव त्या-त्या वर्षी तिथे असायला हवं. नाव राहून गेल्यामुळे आई गेल्यावर मुलाला राहतं घर सोडावं लागल्याची प्रकरणं मी वेगवेगळ्या संस्थांत पाहिलीत. चूक एका ओळीची असते.

तिसरी, महिन्याचा आकार. याला आपल्याकडच्या मेंटेनन्ससारखं समजू नका. त्यात कर्जाचा हप्ता, कर, हीटिंग, पाणी, वीज, सुरक्षा सगळं येतं. आकडा मोठा वाटेल. तुलना करताना सध्याच्या भाड्यात तुमची विजेची आणि गॅसची बिलं मिळवून मग करा.

चौथी, येणं-जाणं. वसाहतीत सबवे नाही. बस आहेत, मॅनहॅटनला एक्स्प्रेस बस आहे, आणि रेल्वे स्टेशनचं काम मंजूर होऊन सुरू झालंय. पत्नीचं हॉस्पिटल ब्रॉंक्समध्येच आहे, म्हणजे तिला सोयीचं. तुमचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल तर घर बघायला जायच्या दिवशी कामाच्या वेळेत एकदा तो प्रवास करून बघा. पाचवा सेक्शन बाकी चारांपासून थोडा बाजूला आहे, हेही लक्षात ठेवा.

कागदपत्रांत काय बघाल? संस्थेची मागच्या तीन वर्षांची ऑडिट केलेली आर्थिक पत्रकं मागा. त्यात आधी राखीव निधी बघा (आपल्याकडचा सिंकिंग फंड समजा), मग थकबाकी, मग कर्जाची मुदत. ऑडिटरच्या टिपा शेवटी बारीक अक्षरात असतात, त्या आधी वाचा. येऊ घातलेली मोठी कामं तिथेच लिहिलेली असतात. आकारवाढीला मंजुरी कधी मिळाली आणि पुढची कधी अपेक्षित आहे, हे थेट विचारा. गेल्या पाच वर्षांत अजिबात वाढ नसेल तर मी खूश होणार नाही, काळजीत पडेन. कारण ती वाढ कुठे तरी छपरात नाही तर पाइपात साठत असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण कानावर येईल. मिचेल-लामा संस्थांना ठरावीक वर्षांनंतर सभासदांच्या मोठ्या बहुमताने योजनेतून बाहेर पडता येतं, आणि मग घरं खुल्या बाजारात विकता येतात. शहरातल्या काही संस्था तशा बाहेर पडल्या. त्यांच्या त्या वेळच्या सभासदांच्या हातात एकदम मोठी रक्कम आली आणि पुढच्या नर्सला तिथे घर मिळणं बंद झालं. को-ऑप सिटी आजही योजनेत आहे. आपल्या वाट्याला असं मतदान येईल या आशेवर घर घेऊ नका. आणि ते आलंच, तर तुमच्या आधी त्याच घरात राहिलेला माणूस जाताना फक्त त्याची मूळ रक्कम घेऊन गेला, म्हणून तुम्हाला ते त्या दरात मिळालं, हे मत देण्याआधी आठवा.

पत्रात उत्तराची मुदत दिलेली असेल. ती आधी बघा, मुदत चुकली तर नंबर हातचा जाऊ शकतो. आर्थिक पत्रकं मिळाली आणि काही आकडा अडला तर इथेच लिहा, आपण ओळ ओळ बघू.